पार्क स्ट्रीटची दफनभूमी : वाङ्मयेतिहासाचे एक साधन आणि त्याच्या मर्यादा

१. विषयप्रवेश

वाङ्मयेतिहासाची साधने कोणती, असा प्रश्न केला तर हस्तलिखिते, मुद्रित ग्रंथ, नियतकालिके, पत्रव्यवहार, आत्मचरित्रे अशी यादी आपण सहज सांगतो. या यादीत दफनभूमीचा समावेश सहसा होत नाही. फार तर एखाद्या लेखकाच्या चरित्राच्या अखेरीस तो कोठे विसावला आहे, याची एका वाक्यात नोंद केली जाते. एखाद्या शहरातील दफनभूमी हा मात्र एक सलग वाचता येण्याजोगा संग्रह असतो. त्यात नावे असतात, तारखा असतात, भाषेची निवड असते, शिल्पाची निवड असते आणि मृताविषयी काय सांगावे व काय सांगू नये, याविषयीचा एक संकेतही असतो. हा संकेत वाङ्मयीनच आहे. समाधिलेख हा पाश्चात्त्य परंपरेत एक स्वतंत्र लघुप्रकार मानला गेला आहे आणि फारसी-उर्दू परंपरेत कबरीवरील शिलालेखात मृत्यूचे वर्ष अक्षरांच्या मूल्यांतून गुंफण्याची कला फार पूर्वीपासून रूढ आहे.

प्रस्तुत निबंधात कलकत्त्यातील साउथ पार्क स्ट्रीटची दफनभूमी मुख्यतः विचारात घेतली असून, तिच्या अनुषंगाने लोअर सर्क्युलर रोडची दफनभूमी आणि गंगेपलीकडील श्रीरामपूर यांचाही विचार केला आहे. तेथे कोणकोणत्या नामांकित व्यक्ती विसावल्या आहेत, याची सूची देणे हा या लेखनाचा हेतू नाही. अशा सूची उपलब्ध आहेत. आधुनिक भारतीय साहित्याच्या आरंभकाळाविषयी ही थडगी आपल्याला काय सांगतात आणि काय सांगू शकत नाहीत, हा येथील प्रश्न आहे. त्यातला दुसरा भाग तुलनाकाराच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

२. जागा आणि तिचा काळ

साउथ पार्क स्ट्रीटची दफनभूमी १७६७ मध्ये वापरात आली. त्यापूर्वी कलकत्त्यातील इंग्रजांचे दफन आज जेथे सेंट जॉन्स चर्च उभे आहे त्या आवारात होत असे. जॉब चार्नॉकची समाधी तेथेच आहे. ती जागा अपुरी पडू लागली तेव्हा वस्तीच्या बाहेर, त्या काळी दलदलीच्या आणि विरळ वस्तीच्या असलेल्या भागात नवी जागा निवडण्यात आली. तिकडे जाणाऱ्या रस्त्याला ‘बरिअल ग्राउंड रोड’ हेच नाव पडले. सर एलायजा इंपी यांच्या निवासाभोवतीच्या हरणांच्या उद्यानावरून पुढे त्याचे ‘पार्क स्ट्रीट’ झाले आणि आता त्याचे अधिकृत नाव ‘मदर तेरेसा सरणी’ असे आहे. एकाच रस्त्याच्या या तीन नावांत शहराच्या तीन अवस्था नोंदलेल्या आहेत.

या जागेचे एक वैशिष्ट्य विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. युरोपात त्या काळी दफन मुख्यतः चर्चच्या आवारातच होत असे. चर्चपासून अलग, शहराबाहेरची विस्तीर्ण दफनभूमी ही कल्पना तेथे नंतर रुजली. पॅरिसची प्रसिद्ध पेर लाशेझ १८०४ मध्ये सुरू झाली आणि लंडनची केन्सल ग्रीन १८३३ मध्ये. कलकत्त्याचे उदाहरण या दोहोंच्याही आधीचे आहे. आधुनिकतेची प्रत्येक रीत युरोपात जन्मून वसाहतीत येते, या गृहीतकाला येथे छेद जातो. अशा प्रकारचे दफन भारतात त्यापूर्वीही होते. सुरतेस सतराव्या शतकातील इंग्रज आणि डच व्यापाऱ्यांच्या घुमटाकार समाध्या आजही उभ्या आहेत. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सुरतेवर स्वारी केली तेव्हा तेथील इंग्रज वखारीचा प्रमुख असलेला सर जॉर्ज ऑक्सेंडन हा मराठी वाचकाला इतिहासग्रंथांतून परिचित आहे. तोही सुरतेतच विसावला आहे. त्या समाध्यांची घडण मोगल वास्तुशैलीला जवळची आहे. पार्क स्ट्रीटला मात्र चित्र बदलते. येथे सूचिस्तंभ, पिरॅमिड, ग्रीक-रोमन धाटणीचे स्तंभमंडप आणि घुमट यांची दाटी आहे. सुरतेच्या व्यापाऱ्याने मोगल अमीराचे अनुकरण केले आणि कलकत्त्याच्या अधिकाऱ्याने रोमन साम्राज्याचे. सव्वाशे वर्षांच्या आतच कंपनीची स्वतःविषयीची कल्पना किती पालटली, हे या दोन शैलींच्या तुलनेतून स्पष्ट होते.

रोमन वैभवाचा हा आभास मात्र विटा आणि चुन्याच्या गिलाव्याचा आहे. गाळाच्या बंगाल प्रांतात दगड दुर्मिळ असल्यामुळे विटांच्या बांधकामावर गिलावा चढवून दगडाचा देखावा निर्माण केला जाई व लेखापुरती शिळा बसवली जाई. दर पावसाळ्यात गिलावा सुटतो, भेगांत पिंपळ रुजतो आणि आतली वीट उघडी पडते. ‘दोन पावसाळे हेच माणसाचे आयुष्य’ अशी म्हण मुंबईतील इंग्रजांत रूढ होती. तिच्या आधारे थिओन विल्किन्सन यांनी १९७६ मध्ये आपल्या ग्रंथाला ‘टू मॉन्सून्स’ हे नाव दिले आणि त्याच वर्षी दक्षिण आशियातील अशा दफनभूमींच्या जतनासाठी लंडनमध्ये एक संस्थाही उभी राहिली. येथील लेख वाचताना वयाचे आकडे मनात राहतात. विशीतील कारकून, बाळंतपणात गेलेल्या तरुण स्त्रिया आणि महिन्यांत मोजावे लागणारे आयुष्य लाभलेली मुले, यांचीच संख्या मोठी आहे. नामांकितांच्या कोणत्याही सूचीमागे अनामिकांची ही पार्श्वभूमी उभी असते.

३. जोन्सचा सूचिस्तंभ आणि त्यामागील पंडित

दफनभूमीतील सर्वांत उंच सूचिस्तंभ सर विल्यम जोन्स यांचा आहे. १७८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश म्हणून ते कलकत्त्यास आले, १५ जानेवारी १७८४ रोजी एशियाटिक सोसायटीची स्थापना झाली आणि २७ एप्रिल १७९४ रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. या जेमतेम अकरा वर्षांतील त्यांचे कार्य तुलनात्मक अभ्यासाच्या इतिहासात पायाभूत मानले जाते. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांच्या समान उगमाचा सिद्धान्त मांडणारे १७८६ चे व्याख्यान, १७८९ चा ‘शाकुंतला’चा इंग्रजी अनुवाद, १७९२ मध्ये बंगाली लिपीत छापून घेतलेले ‘ऋतुसंहार’ आणि १७९४ चे मनुस्मृतीचे भाषांतर ही त्यांतील ठळक कामे होत. जोन्स यांनी आपला समाधिलेख स्वतःच रचून ठेवला होता. त्यात ईश्वराची भीती, मृत्यूविषयीची निर्भयता, स्वातंत्र्याची जपणूक आणि संपत्तीविषयीची अनासक्ती हे गुण सांगितले आहेत. त्यात संस्कृतचा, एशियाटिक सोसायटीचा किंवा कालिदासाचा उल्लेख नाही. ज्या कार्यामुळे हा मनुष्य पुढील दोन शतके स्मरणात राहिला, ते त्याला आपल्या शिळेवर नोंदविण्याजोगे वाटले नाही. तो तेथे उभा आहे तो अठराव्या शतकातील एक सद्गुणी इंग्रज गृहस्थ म्हणून.

हा सूचिस्तंभ आणखीही एका बाबतीत मौन पाळतो. ‘शाकुंतला’च्या प्रस्तावनेत जोन्स यांनीच नोंदविले आहे की ‘नाटक’ म्हणजे नेमके काय, याची कल्पना त्यांना राधाकांत या पंडिताकडून आली. हिवाळ्यात इंग्रज लोक कलकत्त्यात जे खेळ करतात त्यांच्यासारखीच ही रचना असते, असे राधाकांताने त्यांना समजावून सांगितले. तुलनात्मक साहित्यविचाराच्या दृष्टीने हा प्रसंग मोलाचा आहे. दोन नाट्यपरंपरांमधील साम्य येथे प्रथम हेरले ते युरोपीय विद्वानाने नव्हे, तर इंग्रजांचे रीतिरिवाज जवळून पाहिलेल्या एका बंगाली पंडिताने. या क्षणापुरता तुलनाकार राधाकांत आहे आणि जोन्स त्याचा विद्यार्थी. रामलोचन पंडितांनी जोन्स यांना संस्कृत शिकविले. हिंदू व्यवहारधर्माच्या संकलनासाठी जगन्नाथ तर्कपंचानन यांनी ‘विवादभंगार्णव’ सिद्ध केला आणि जोन्स यांच्या पश्चात कोलब्रुक यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद पूर्ण केला.

या पंडितांपैकी कोणाचेही थडगे नाही आणि असूही शकत नाही. त्यांच्यावर अग्निसंस्कार झाले. भागीरथीच्या काठी देह पंचत्वात विलीन झाला आणि मागे शिळा उरली नाही. यात कोणी त्यांच्यावर जाणूनबुजून अन्याय केला, असे नव्हे. हा दोन अंत्यविधींतील फरक आहे. मात्र या फरकाचा परिणाम अभ्यासाच्या साधनांवर होतो, ही बाब आपल्या नजरेतून निसटते. ज्ञानव्यवहारातील दोन भागीदारांपैकी एकाचा स्तंभ शहराच्या मध्यभागी उभा राहतो, त्यावर तारीख असते, प्रवासी त्याचे छायाचित्र घेतात, चरित्रकार तेथून आरंभ करतो. दुसरा भागीदार पहिल्याच्या प्रस्तावनेतील एका वाक्यात उरतो. अंत्यविधीतील विषमता अशा रीतीने साधनांतील विषमता बनते आणि तीच पुढे इतिहासलेखनातील विषमता होते.

‘शाकुंतला’च्या पुढील प्रवासात या विषमतेचे फळ दिसते. जोन्स यांच्या अनुवादावरून गेओर्ग फोर्स्टर यांनी १७९१ मध्ये जर्मन भाषांतर केले आणि त्यातून गटेपर्यंत कालिदास पोहोचला. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हा त्यांच्यापुढे मूळ संस्कृत नाटक होते. त्यासाठी त्यांना जोन्स यांची मध्यस्थी नको होती. तथापि ‘शाकुंतल’ हे जगन्मान्य नाटक आहे, ही एकोणिसाव्या शतकातील सुशिक्षितांची जाणीव मात्र कलकत्ता–जर्मनी या मार्गाने परतून आलेली होती. या दोन मार्गांचा पृथक् विचार करणे हे मराठी नाट्येतिहासाचेही काम आहे.

४. कवितेमागून आलेली कीर्ती आणि देहाविना आलेली शिळा

जोन्स यांची कीर्ती त्यांच्या कार्यामुळे आहे. रोझ एलमर हिची कीर्ती मात्र तिच्यावरील आठ ओळींच्या कवितेमुळे आहे. २ मार्च १८०० रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, ती कलकत्त्यात मरण पावली. वेल्समध्ये असताना तिचा आणि कवी वॉल्टर सॅव्हेज लँडर याचा परिचय झाला होता. तिने वाचावयास दिलेल्या क्लारा रीव्हच्या पुस्तकातून त्याला ‘गेबिर’ या आपल्या काव्याचे कथाबीज मिळाले. तिच्या मृत्यूची वार्ता कळल्यावर त्याने लिहिलेली छोटी विलापिका १८०६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि इंग्रजी काव्यसंग्रहांत स्थिरावली. लँडर भारतात कधीच आला नाही. तिचे थडगे त्याने पाहिले नाही. पुढील काळात त्याच्या त्या ओळी थडग्यावर बसविण्यात आल्या. समाधिलेख आधी आणि साहित्य मागाहून, हा नेहमीचा क्रम येथे उलटला आहे. मुद्रित साहित्याने प्रसिद्ध केलेले नाव शिळेकडे परत आले. विक्रम सेठ यांच्या ‘अ सूटेबल बॉय’ या १९९३ च्या कादंबरीतील पात्रे या थडग्यापाशी येतात तेव्हा हे वर्तुळ आणखी एक फेरा घेते. स्वतंत्र भारतातील इंग्रजी लेखक इंग्रजी काव्यपरंपरेशी असलेले आपले नाते येथेच तपासून पाहतो.

लँडरच्या नावाचा आणखी एक धागा या आवारात आहे. चार्ल्स डिकन्सने आपल्या एका मुलाचे नाव या कवीवरून वॉल्टर लँडर डिकन्स असे ठेवले. हा मुलगा १८५७ मध्ये सैन्यात दाखल होऊन भारतात आला आणि ३१ डिसेंबर १८६३ रोजी, बाविसाव्या वर्षी, कलकत्त्यात वारला. त्याचे दफन भवानीपूरच्या लष्करी दफनभूमीत झाले. १९८७ मध्ये त्याची शिळा तेवढी साउथ पार्क स्ट्रीटला आणण्यात आली. देह एका जागी आणि शिळा दुसऱ्या जागी, अशी ही स्थिती आहे. नामांकितांची दफनभूमी ही आपोआप घडत नाही, ती संपादित केली जाते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण. एखाद्या काव्यसंग्रहाचा संपादक जसे वेचे निवडून एकत्र आणतो, तसेच हे आहे. म्हणूनच अशा जागेचे वाचन करताना तिच्या संपादनाचा इतिहासही वाचावा लागतो.

५. ‘युरोपीय’ या विशेषणाचा प्रश्न

या जागेचा उल्लेख सर्रास ‘युरोपीयांची दफनभूमी’ असा केला जातो. हे विशेषण तिच्यातील दोन थडग्यांपाशी टिकत नाही.

पहिले मेजर जनरल चार्ल्स स्टुअर्ट यांचे. हा आयरिश सेनाधिकारी ‘हिंदू स्टुअर्ट’ या नावानेच ओळखला जाई. १८०८ मध्ये त्याने निनावी प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात मिशनऱ्यांच्या टीकेपासून हिंदूंच्या आचारविचारांचे समर्थन केले होते. १८२८ मध्ये तो मरण पावला. त्याचे थडगे हिंदू मंदिराच्या घडणीचे असून त्याला कोरीव दगडी द्वार आहे. सूचिस्तंभांच्या गर्दीत ही एकच वास्तू दुसऱ्या भाषेत बोलते. परंतु स्टुअर्टचा मूर्तिसंग्रह पुढे इंग्लंडला गेला आणि त्याचा मोठा भाग ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, हेही त्याच वेळी स्मरणात ठेवले पाहिजे. अनुराग आणि अपहार यांची सरमिसळ हे वसाहतकालीन प्राच्यविद्येचे लक्षण या एका थडग्यापाशी एकवटलेले आहे.

दुसरे, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे थडगे हेन्री लुई व्हिव्हियन डेरोझिओ याचे. १८ एप्रिल १८०९ रोजी कलकत्त्यात जन्मलेला, पोर्तुगीज वंशाच्या घराण्यातला हा तरुण १८२६ मध्ये हिंदू कॉलेजात शिक्षक झाला. १८२७ आणि १८२८ मध्ये त्याचे दोन काव्यसंग्रह प्रसिद्ध झाले. त्याच्या भोवती जमलेल्या विद्यार्थ्यांतून ‘यंग बेंगॉल’ ही पिढी उभी राहिली. सनातनी पालकांच्या तक्रारींमुळे एप्रिल १८३१ मध्ये त्याला कॉलेज सोडावे लागले, त्याने ‘ईस्ट इंडियन’ हे पत्र चालविले आणि त्याच वर्षी २६ डिसेंबरला पटकीने त्याचा अंत झाला. तो बावीस वर्षांचा होता. त्याने कधी इंग्लंड पाहिले नाही. भारताला मातृभूमी म्हणून संबोधणारी इंग्रजीतील आरंभीची कविता त्याची आहे. ज्याचा जन्म, कर्म आणि मृत्यू याच शहरातले, त्याला ‘युरोपीय’ म्हणण्याला आधार काय? केवळ धर्म आणि भाषा. पण मग हीच कसोटी लावून भारतीय साहित्याच्या सीमा आखावयाच्या काय?

मराठी अभ्यासकाला येथे एका तारखेची आठवण होणे स्वाभाविक आहे. डेरोझिओच्या मृत्यूनंतर अवघ्या अकरा दिवसांनी, ६ जानेवारी १८३२ रोजी, मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले. या योगायोगाला कार्यकारणाचे रूप देण्याचे कारण नाही. तथापि दोघांची तुलना उद्बोधक आहे. दोघेही विशीतील शिक्षक, दोघेही पत्रकार, दोघेही नव्या विद्येचे वाहक आणि दोघेही अल्पायुषी. जांभेकर १८४६ मध्ये गेले. एकाने इंग्रजीचा एकमार्गी स्वीकार केला, तर दुसऱ्याने मराठी आणि इंग्रजी असे दोन स्तंभ समोरासमोर छापले. एकाचे थडगे आहे, दुसऱ्याचे नाही. बंगालमधील प्रबोधनाच्या कथेला आरंभस्थान म्हणून दाखविता येईल अशी जागा मिळाली. मुंबईच्या कथेला ‘दर्पण’च्या अंकांवरच विसंबावे लागते. कोणती कथा अधिक वेळा सांगितली गेली, याचा विचार करताना या फरकाकडेही पाहावयास हवे.

६. मधुसूदन : स्वभाषेतील समाधिलेख

पार्क स्ट्रीटपासून फार दूर नसलेली लोअर सर्क्युलर रोडची दफनभूमी १८४० मध्ये सुरू झाली. तेथे मायकेल मधुसूदन दत्त विसावले आहेत. हिंदू कॉलेजचा हा विद्यार्थी १८४३ मध्ये ख्रिस्ती झाला, घराला पारखा झाला, मद्रासला गेला आणि तेथे १८४९ मध्ये ‘द कॅप्टिव्ह लेडी’ हे इंग्रजी काव्य प्रसिद्ध करून मोठ्या कवीच्या कीर्तीची वाट पाहू लागला. त्याची प्रत कलकत्त्यात शिक्षणाधिकारी ड्रिंकवॉटर बेथ्यून यांच्याकडे गेली. बेथ्यून यांनी सल्ला दिला तो असा की ही प्रतिभा कवीने स्वतःच्या भाषेच्या सेवेला लावावी. हा सल्ला रुजायला काही वर्षे लागली, पण १८५९ मध्ये ‘शर्मिष्ठा’ आणि १८६१ मध्ये ‘मेघनादवध काव्य’ अवतरले आणि बंगाली काव्याचे वळण बदलले. बेथ्यून ते पाहावयास नव्हते. १८५१ मध्येच त्यांचे निधन झाले होते. सल्ला देणारा आणि तो मानणारा, दोघेही आज एकाच आवारात आहेत.

मधुसूदन २९ जून १८७३ रोजी विपन्नावस्थेत वारले. पत्नी हेन्रिएटा तीनच दिवस आधी गेली होती. जन्माने हिंदू, दीक्षेने ख्रिस्ती, परंतु आचाराने कोणत्याही चौकटीत न बसणाऱ्या या कवीच्या दफनाला चर्चकडून सहज संमती मिळाली नाही. एका धर्मोपदेशकाने पुढाकार घेतल्यानंतर विधी पार पडला. थडग्यावरील स्मारक उभे राहायला आणखी सुमारे पंधरा वर्षे जावी लागली. त्यावर मधुसूदनांनीच आपल्यासाठी रचून ठेवलेली बंगाली कविता आहे. वाटसरूने क्षणभर थांबावे अशी विनंती करून कवी आपले गाव सागरदाडी, नदी कपोताक्ष आणि मातापिता यांची नावे सांगतो.

जोन्स आणि मधुसूदन यांचे हे दोन स्वरचित समाधिलेख शेजारी ठेवून वाचावेत. ‘वाटसरू, थांब’ हे आवाहन ग्रीक आणि लॅटिन समाधिलेखांतील जुना संकेत आहे. अनेक युरोपीय भाषा आत्मसात केलेल्या मधुसूदनांना तो ठाऊक होता. पण त्या आवाहनानंतर जे येते ते सद्गुणांचे वर्णन नाही. तेथे गाव, नदी आणि आईबाप येतात. आपल्याकडे धार्मिक कृत्याच्या आरंभी संकल्पात देश, काळ आणि गोत्र यांचा उच्चार होतो. त्याची ही ख्रिस्ती दफनभूमीतील दूरची प्रतिध्वनी मानता येईल. ज्या पित्याच्या घरातून तो तुटला, त्याचेच नाव त्याने शिळेवर आणले. जोन्स यांचा लेख जगाला उद्देशून आहे आणि म्हणून स्थलरहित आहे. मधुसूदनांचा लेख बंगाली जाणणाऱ्यालाच उद्देशून आहे आणि म्हणून पूर्णतः स्थलबद्ध आहे. प्रकार तोच, भाषा बदलली, आणि तिच्याबरोबर वाचकही बदलला. प्रभाव आणि स्वीकार या संज्ञांच्या चर्चेला याहून नेमके उदाहरण देणे अवघड.

तोरू दत्त हिचे उदाहरण याला लागून येते. फ्रेंच काव्याचे इंग्रजी अनुवाद, फ्रेंचमधील कादंबरी आणि संस्कृत आख्यानांवरील इंग्रजी काव्ये लिहिणारी ही कवयित्री १८७७ मध्ये एकविसाव्या वर्षी वारली आणि माणिकतल्याच्या ख्रिस्ती दफनभूमीत तिचे दफन झाले. तिची बहुतेक कीर्ती मरणोत्तर आहे. बंगाली, इंग्रजी, फ्रेंच आणि संस्कृत या चार भाषांत वावरलेल्या तिच्यासारख्या लेखिकेची जागा कोणत्या एका वाङ्मयेतिहासात आहे, याचे उत्तर अजूनही सोपे नाही.

७. श्रीरामपूर आणि मराठीचा संबंध

या साऱ्याशी मराठीचा प्रत्यक्ष संबंध येतो तो गंगेपलीकडील श्रीरामपुरात. विल्यम कॅरी ९ जून १८३४ रोजी तेथे वारले आणि तेथील मिशनच्या दफनभूमीत विसावले. त्यांनीही आपल्या शिळेसाठी मजकूर ठरवून ठेवला होता. आयझॅक वॉट्सच्या स्तोत्रातील दोन चरण, ज्यांत आपण एक दीन, असहाय कृमी असल्याची भावना आहे. फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीचेही अध्यापन करणाऱ्या कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि मोडी लिपीतील शब्द असलेला मराठी-इंग्रजी कोश १८१० मध्ये प्रसिद्ध झाला. मराठी मुद्रणाचा हा आरंभीचा अध्याय पुण्या-मुंबईपासून शेकडो कोस दूर, गंगेच्या काठी लिहिला गेला.

या कामात कॅरी यांचे मुख्य साहाय्यक होते कॉलेजातील मराठीचे पंडित वैजनाथ. महाराष्ट्रात पाऊल न ठेवलेल्या कॅरी यांना मराठीचे व्याकरण रचता आले, ते वैजनाथांच्या कानामुळे आणि जिभेमुळे. मराठी वाङ्मयेतिहासात त्यांचे नाव येते, पण ते ‘साहाय्यक’ या शब्दाच्या आड. जोन्स आणि राधाकांत, कॅरी आणि वैजनाथ या दोन जोड्यांतील साम्य उघड आहे. एकाची शिळा, दुसऱ्याचा उल्लेख.

८. समारोप

दफनभूमी हे साधन म्हणून वापरताना तीन गोष्टींचे भान ठेवावे लागते, असे या विवेचनावरून म्हणता येईल. पहिली म्हणजे ती संपादित असते. वॉल्टर डिकन्सची शिळा आणली गेली, तर समोरची नॉर्थ पार्क स्ट्रीटची दफनभूमी स्वातंत्र्यानंतर पाडली गेली. कादंबरीकार थॅकरेचे वडील रिचमंड थॅकरे आणि हैदराबादचा रेसिडेंट जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक यांचे दफन तेथे झाले होते. त्या थडग्यांच्या जागी आज इमारती आहेत. जे उरले तेच महत्त्वाचे होते, असा निष्कर्ष म्हणून काढता येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे शिळेवरील भाषा ही स्वतःच एक कृती असते. जोन्स यांनी काय गाळले आणि मधुसूदनांनी काय आणले, हे त्यांच्या ग्रंथांइतकेच अर्थपूर्ण आहे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ज्यांना थडगे असू शकत नाही त्यांचे मौन या साधनात आरंभापासूनच अंतर्भूत असते.

यावर उपाय म्हणून पंडितांचीही स्मारके उभारावीत, असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. आपल्या परंपरेत स्मृती दगडापेक्षा पठणात, गुरुपरंपरेच्या उच्चारात आणि ग्रंथाच्या पुष्पिकेत जतन झाली आहे. समाधीची परंपरा आहे, पण ती मुख्यतः संतांची आहे. तेथेही चोखोबांची समाधी पंढरपूरच्या मंदिराबाहेर असावी, हा जागेचा निर्णय समाजव्यवस्थेविषयी पुष्कळ काही सांगून जातो. म्हणजे एका बाजूला शिळा आणि दुसऱ्या बाजूला केवळ शून्य, अशी स्थिती नाही. दुसऱ्या बाजूलाही साधने आहेत, मात्र ती निराळ्या प्रकारची आहेत आणि वेगळ्या वाचनाची अपेक्षा करतात. ग्रंथांच्या प्रस्तावना, महाविद्यालयांच्या वेतननोंदी, हस्तलिखितांच्या पुष्पिका आणि टोळांच्या शिष्यपरंपरा ही ती साधने होत.

तुलनात्मक साहित्याचा भारतातील इतिहास सांगताना आपण १९०७ मधील रवींद्रनाथांच्या ‘विश्वसाहित्य’ या व्याख्यानापासून किंवा १९५६ मध्ये जादवपूर येथे स्थापन झालेल्या विभागापासून आरंभ करतो. त्याच्या मागे जाऊ पाहणारा अभ्यासक जोन्स यांच्या सूचिस्तंभाशी येऊन थांबतो. तेथे थांबणे पुरेसे नाही. ‘तुमच्या हिवाळ्यातील खेळांसारखेच आमचे नाटक असते’ या आशयाचे राधाकांताचे उद्गार त्या स्तंभाच्या आधीचे आहेत. या विद्याशाखेची एक सुरुवात तेथे आहे आणि तिच्यावर कोणतीही शिळा नाही. ती शोधण्यासाठी स्तंभाचा उपयोग खूण म्हणून करता येईल. त्यालाच गंतव्य मानले, तर कंपनीच्या काळातील दृष्टीच आपण आपली म्हणून पुढे चालवत राहू.